इंग्रजीचा पंप धावतो, मराठीचा चालतो

आदरणीय बाई, स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातील एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. पंधरा वर्षे फिटर होतो, आता सुपरवायझर झालो आहे. शिक्षण मराठी माध्यमातून आणि पुढे आय. टी. आय. पूर्वी हातात पाना असे, आता पेन आले आहे, कारण प्रत्येक पाळीचा अहवाल इंग्रजीत लिहावा लागतो. पहिल्याच आठवड्यात मी ‘द पंप इज वॉकिंग सिन्स मॉर्निंग’ असे लिहिले आणि ते वाक्य एका अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. तेथे ‘रन’ हवे होते असे कळले. नंतर कोणीतरी म्हणाले की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरणे बरे दिसत नाही, म्हणून मी मोबाइलवर ‘रन’चे समानार्थी शब्द शोधले आणि एका अहवालात ‘दुपारी दोन ते चार या वेळेत मोटर जॉगिंग होती’ अशा अर्थाचे वाक्य लिहिले. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिकल विभागाचे लोक धावत आले की मोटरचे असे काय केलेत. शब्दकोश उघडला तर ‘रन’चे अर्थ संपता संपत नाहीत. कृपया सर्व अर्थांची यादी द्यावी, मी ती पाठ करीन. आणि समानार्थी शब्द वापरल्याने इंग्रजी भारदस्त होते, हे खरे आहे का? जाता जाता आणखी एक. माझी जुनी मोटरसायकल विकायची आहे. इंग्रजी जाहिरातीत ‘रनिंग ४०,००० किलोमीटर’ लिहिले तर चालेल का?

– एक वाचक

*

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातील पहिले वाक्य वाचून मला हसू आले नाही, कारण त्या वाक्यामागचा विचार पूर्णपणे बरोबर होता. मराठीत पंप चालतो, पंखा चालतो, घड्याळ चालते, दुकान, शाळा, खटला आणि संसारही चालतो. धावतो तो माणूस, घोडा किंवा फार तर रेल्वेगाडी. जी गोष्ट आपल्या नियमित गतीने, न थांबता, आपले काम करत राहते तिला आपण ‘चालणारी’ म्हणतो आणि इंग्रज माणूस नेमक्या त्याच गोष्टीला ‘धावणारी’ म्हणतो. दोन्ही भाषांनी पायांच्या हालचालीतूनच यंत्रासाठी शब्द घेतला. आपण एक वेग निवडला, त्यांनी दुसरा. तुम्ही आपल्या भाषेचा वेग त्यांच्या भाषेत नेलात, एवढीच ती चूक होती.

हा योगायोग दिसतो त्याहून खोल आहे. पैशाला आपण ‘चलन’ म्हणतो, म्हणजे जे चालते ते. इंग्रजीतील ‘करन्सी’ हा शब्द धावणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे, म्हणजे जे धावते ते. विजेचा ‘करंट’ त्याच धातूचा, आणि बँकेतील ‘करंट अकाउंट’ही. त्या खात्याला आपण ‘चालू खाते’ म्हणतो तेव्हा नकळत तोच हिशेब पुन्हा मांडतो: त्यांचे धावते खाते, आपले चालते खाते. तेव्हा तुमचा ‘वॉकिंग’ पंप अगदीच अनाथ नव्हता.

आता यादीबद्दल. ती मी देणार नाही, आणि देऊ म्हटले तरी हे सदर पुरणार नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी हा इंग्रजीचा सर्वांत मोठा ऐतिहासिक कोश. त्याची १९८९ ची आवृत्ती वीस खंडांची होती आणि तिच्यातील सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली गेली तेव्हा पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराला त्या एका क्रियापदावर सुमारे नऊ महिने घालवावे लागले, आणि २०११ मध्ये काम पूर्ण झाले तेव्हा मोजलेले अर्थ ६४५ भरले. रोज दहा पाठ केलेत तरी दोन महिन्यांहून अधिक काळ लागेल, आणि त्यानंतरही अहवाल लिहिताना त्यांतला कोणता घ्यायचा हा प्रश्न जागेवरच राहील. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनीही हे अर्थ कधी पाठ केलेले नाहीत.

पण हे इतके अर्थ आले कोठून, हे समजून घेतले तर भीती बरीच कमी होते. जुन्या इंग्रजीत येथे एक नव्हे, दोन जवळची क्रियापदे होती. एक स्वतः धावण्याचे किंवा वाहण्याचे, दुसरे दुसऱ्याला धावायला लावण्याचे. मराठीत जशी चालणे आणि चालवणे, फिरणे आणि फिरवणे, पळणे आणि पळवणे अशी जोडी असते, तशीच ती होती. कालांतराने इंग्रजीत ही दोन्ही रूपे एकमेकांत मिसळली आणि एकच ‘रन’ उरले. त्यामुळे ‘द पंप रन्स’ म्हणजे पंप चालतो, आणि ‘आय रन द पंप’ म्हणजे मी पंप चालवतो. आपण क्रियापदाच्या पोटात एक ‘व’ घालून जे काम करतो, ते इंग्रजी फक्त शब्दांच्या क्रमावर सोडून देते. वाहण्याचा अर्थही तितकाच जुना आहे. जर्मन ही इंग्रजीची बहीण, आणि तिच्यात आजही पळण्यासाठी ‘रेनन’ आणि पाणी ओघळण्यासाठी ‘रिनन’ असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत मात्र नदीही ‘रन’ होते आणि नाकही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की ‘रन’ दिसले की त्याचा अर्थ शोधू नका, त्याचा कर्ता शोधा. काय धावते आहे? माणूस, यंत्र, द्रव पदार्थ, व्यवसाय, की नुसतीच एखादी रेषा? कर्ता कळला की मराठी क्रियापद तुमच्या तोंडी आपोआप येते, कारण ते तुम्हाला जन्मापासून येतेच आहे: माणूस पळतो, यंत्र चालते, पाणी वाहते, रस्ता जातो, करार अमलात असतो. या सर्व ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ बसते.

तुमचे काम यंत्रांशी आहे, म्हणून तेथे जरा अधिक थांबू. यंत्राच्या बाबतीत ‘रन’, ‘वर्क’, ‘फंक्शन’ आणि ‘ऑपरेट’ हे चार शब्द शब्दकोशात शेजारी शेजारी बसलेले दिसतात, पण अहवालात त्यांची अदलाबदल करता येत नाही. ‘रन’ म्हणजे यंत्र सुरू आहे, त्याचा फिरणारा भाग फिरतो आहे. ‘वर्क’ म्हणजे ज्यासाठी ते बसवले आहे ते काम ते करते आहे. विहिरीवरची मोटर चालू आहे पण पाणी चढत नाही, असे आपण म्हणतो तेव्हा इंग्रजीत सरळ लिहिता येते की ‘द पंप इज रनिंग, बट इट इज नॉट वर्किंग’. या वाक्यात काहीही विसंगत नाही; उलट पुढच्या पाळीच्या माणसाला त्याने नेमकी दिशा मिळते की वीजपुरवठ्याकडे पाहू नको, सक्शनकडे, म्हणजे पाणी ओढून घेणाऱ्या बाजूकडे पाहा. हीच दोन क्रियापदे समानार्थी मानून एकाच्या जागी दुसरे लिहिले असते तर ती माहिती हरवली असती. ‘फंक्शन’ हा ‘वर्क’चाच औपचारिक भाऊ आहे, तो मापनयंत्रे, सुरक्षायंत्रणा, अलार्म अशा गोष्टींना शोभतो, जेथे फिरणारे काही नसते पण कार्य असते. ‘ऑपरेट’ला बहुतेक वेळा माणूस लागतो: ऑपरेटर यंत्र ऑपरेट करतो. अर्थात कारखान्याबाहेर हाच शब्द शस्त्रक्रियेचा आहे, त्यामुळे तो माणसांच्या आसपास वापरताना जपावे.

आता ‘जॉग’. शब्दकोशाने तुम्हाला फसवले नाही. मैदानावर हलके हलके धावणे म्हणजे जॉगिंग, हे खरेच आहे. परंतु तुमच्या क्षेत्रात त्याच शब्दाला स्वतःचे काम आहे. यंत्राचा रोलर किंवा शाफ्ट थोडासाच पुढे सरकवण्यासाठी बटण क्षणभर दाबून सोडायचे, पुन्हा दाबायचे, पुन्हा सोडायचे, या क्रियेला जॉगिंग म्हणतात. कित्येक पॅनेलवर तसे बटण असते आणि कामगार त्यालाच ‘इंचिंग’ही म्हणतात. साधी इंडक्शन मोटर थेट सुरू केली की सुरुवातीच्या क्षणी नेहमीच्या पाच ते सात पट विद्युतप्रवाह खेचते, म्हणून तिला वारंवार असे झटके दिले तर वाइंडिंग, म्हणजे आतील तारांचे वेटोळे, तापते. दोन तास जॉगिंग झाल्याचे वाचून इलेक्ट्रिकलचे लोक धावत आले यात नवल नाही. त्यांनी तुमचे इंग्रजी गांभीर्याने वाचले, ही एक चांगली बाजू.

‘ड्राय रन’ची गंमतही तुमच्या कामाची आहे. जानेवारी २०२१ मध्ये कोरोनाच्या लसीकरणाआधी देशभर ड्राय रन झाला आणि महाराष्ट्रात पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबार हे जिल्हे त्यासाठी निवडले गेले, तेव्हा हा शब्द घराघरांत पोहोचला. तेथे त्याचा अर्थ होता रंगीत तालीम: लस न टोचता बाकी सर्व व्यवस्था करून पाहणे. पंपाच्या बाबतीत मात्र ‘ड्राय रनिंग’ म्हणजे पाण्याविना पंप चालणे, आणि त्यात थंडावा व वंगण मिळेनासे झाल्याने सील जळते. आरोग्य विभागाने ड्राय रन केला तर कौतुक होते आणि तुमच्या पाळीत पंपाचा ड्राय रन झाला तर मेमो मिळतो. शब्द तेच, कर्ता वेगळा.

या ‘ड्राय’ने आणखी एक उपयुक्त वळण दाखवले. ‘रन’च्या पुढे विशेषण आले की त्याचा अर्थ ‘होत जाणे’ किंवा ‘त्या स्थितीत असणे’ असा होतो. बेअरिंग तापते आहे, हे ‘द बेअरिंग इज रनिंग हॉट’. डिझेल संपत आले, हे ‘डिझेल इज रनिंग लो’. विहीर आटली, तर ती ‘हॅज रन ड्राय’. गाडी उशिराने येते आहे, तर ती ‘रनिंग लेट’. आपल्याकडे या प्रत्येकासाठी वेगळे आणि फार नेमके क्रियापद आहे. ‘आटणे’सारखा एका शब्दात विहीर डोळ्यांपुढे उभा करणारा शब्द सोडून कोणी ‘कोरडी धावली’ म्हणणार नाही. म्हणूनच येथे शब्दाला शब्द लावायला जाऊ नये.

द्रवांबद्दल थोडक्यात, पण काळजीपूर्वक सांगते, कारण अहवालात येथेच घोटाळे होतात. नळ ‘रनिंग’ आहे असे लिहिले तर अर्थ होतो की कोणीतरी तो उघडा ठेवला आहे. ‘लीकिंग’ लिहिले तर बिघाड आहे आणि पाणी नको तेथून बाहेर पडते आहे. ‘ड्रिपिंग’ म्हणजे थेंब थेंब गळते आहे. ‘फ्लो’ हा शब्द प्रवाह मोजायचा असेल, मिनिटाला किती लिटर हे सांगायचे असेल, तेव्हाचा. मराठीत आपण या चारांपैकी तीन ठिकाणी ‘पाणी येतंय’ म्हणून मोकळे होतो आणि ऐकणारा समोर असल्यामुळे त्याला ते कळते. कागदावर समोर कोणी नसते. धुतल्यावर कपड्याचा रंग जातो त्यालाही इंग्रजीत रंग ‘रन’ होणे म्हणतात, पण ते तुमच्या घरच्या उपयोगाचे.

रेषेचा अर्थ फसवा आहे. ‘द पाइप रन्स अलाँग द वॉल’ म्हणजे पाइप भिंतीला लागून जातो. येथे काहीच हलत नाही, फक्त आपली नजर पाइपावरून पुढे सरकते. म्हणून येथे साधा वर्तमानकाळच हवा. ‘इज रनिंग’ लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल की पाइपमधून काहीतरी वाहते आहे, किंवा पाइपला पाय फुटले आहेत. याच जातीचा काळाचा अर्थ: करार ३१ मार्चपर्यंत ‘रन्स’, म्हणजे तोवर तो अमलात आहे.

व्यवसाय आणि घर यांच्याकडे वळू, कारण ‘चालवणे’ आणि ‘रन’ येथे इतके जवळ येतात की फरक नजरेतून सुटतो. एखादी बाई खानावळ चालवते, तर ‘शी रन्स अ खानावळ’ हेच उत्तम वाक्य. ‘मॅनेज’ लिहिले तर असा भास होतो की मालक दुसरा कोणी आहे आणि ही व्यवस्थापक आहे. शिवाय ‘मॅनेज’मध्ये ‘कसेबसे निभावणे’ हाही अर्थ दडलेला असतो. ‘ऑपरेट’ बससेवा, विमानसेवा, यंत्रे असा ताफा असतो तेथे शोभतो. ‘अ‍ॅडमिनिस्टर’ सरकारी निधी किंवा विश्वस्त संस्था यांच्यासाठी, आणि औषध देण्यासाठीही. पण ‘माझ्या पगारावर घर चालते’ या वाक्यात मात्र ‘रन’ येत नाही, कारण इंग्रजीत घर ‘रन’ करणे म्हणजे स्वयंपाकपाणी, हिशेब, बाजारहाट, मुलांच्या वेळा हे सारे सांभाळणे. पैसे कमावून कुटुंब पोसणे याला ‘सपोर्ट’ म्हणतात. मराठी घरात पुष्कळदा पुरुष म्हणतो की घर मी चालवतो. त्याच घराबद्दल इंग्रजीत लिहायचे झाले तर ‘रन्स’ला कर्ता म्हणून बहुधा त्याच्या पत्नीचे नाव लिहावे लागते. मला हा इंग्रजीचा न्याय आवडतो.

तसेच नाटकाचे. ‘नाटक चाललं’ असे आपण म्हणतो तेव्हा ते यशस्वी झाले, हे त्या एका शब्दातच आले. इंग्रजीत नाटक नुसते ‘रॅन’ म्हणून थांबता येत नाही. किती दिवस, किती प्रयोग ते सांगावे लागते, आणि मगच यश की अपयश ते कळते. याच्या उलट, जेथे आपले ‘चालणे’ म्हणजे मान्य असणे किंवा भागणे, तेथे ‘रन’ मुळीच जात नाही. चहाऐवजी कॉफी चालेल, डोके चालत नाही, जुनी नोट चालत नाही, मला तिखट चालत नाही, यांपैकी एकाही ‘चालण्या’ला इंग्रजीत पळवता येणार नाही. तेथे ‘डू’, ‘वर्क’, ‘व्हॅलिड’ असे निरनिराळे शब्द लागतात. म्हणजे ‘चालणे’सुद्धा काही कमी भानगडीचे क्रियापद नाही, १८५७ ची मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येते, तिच्यात एकदा ‘चालणे’ काढून वाचा. आपल्या भाषेतले एवढे अर्थ आपण यादीशिवाय कसे सांभाळतो, हे पाहिले की परक्या क्रियापदाचा धाक उरत नाही.

निवडणुकीचे उदाहरण तुमच्या कामाचे नाही, पण सोडवत नाही. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, म्हणजे धावतो. ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत तो ‘कंटेस्ट’ करतो. मराठीत तो उभाही राहतो आणि निवडणूक लढवतोही. धावतो मात्र नाही, निदान निकालापर्यंत.

आता ‘रन’ची सोबत. हा शब्द एकटा फार कमी वेळा फिरतो. त्याच्या मागोमाग एखादा लहानसा शब्द आला की अर्थ पूर्ण बदलतो, आणि तो बदल तर्काने कळतोच असे नाही. क्रिकेट पाहणाऱ्या मराठी माणसाला ‘रन आउट’ म्हणजे धावचीत हे झोपेतही सांगता येईल, पण ‘वी हॅव रन आउट ऑफ ग्रीस’ म्हणजे ग्रीस संपले आहे. ‘रन इंटू’ माणसाच्या बाबतीत अचानक भेट, भिंतीच्या बाबतीत धडक. ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावरून गाडी जाणे, आणि बैठकीच्या बाबतीत ठरल्या वेळेपेक्षा लांबणे. ‘रन डाउन’ बॅटरी म्हणजे उतरलेली. हे तुकडे सुटे न शिकता पूर्ण वाक्यासकट वहीत लिहा, आणि वाक्य शब्दकोशातले नको, तुमच्या स्वतःच्या पाळीतले असू द्या. ‘ग्रीस संपले’ हे तुम्ही वर्षातून वीस वेळा लिहाल. आठवण त्यातूनच पक्की होते.

समानार्थी शब्दांनी इंग्रजी भारदस्त होते का, हा तुमचा दुसरा प्रश्न. समानार्थी शब्दांचा जो सर्वांत प्रसिद्ध इंग्रजी संग्रह आहे, तो पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने १८५२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याने शब्द अक्षरानुक्रमे न लावता कल्पनांच्या गटांनुसार लावले, म्हणजे मनात कल्पना आहे पण तिचा नेमका शब्द ओठांवर येत नाही अशा लेखकाने त्या गटात जाऊन तो उचलावा. त्यात गृहीत हे आहे की शब्द समोर दिसला की तो लेखकाला ओळखता येईल. अनोळखी शब्द उचलून ओळखीच्या शब्दाच्या जागी बसवण्यासाठी अशा संग्रहांचा उपयोग करणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा पाना आपल्या नटला लावणे. तो फिरतो, पण नटच्या कडा झिजवतो. तुम्ही फिटर आहात, हे मला तुम्हाला अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

शिवाय तांत्रिक लेखनात पुनरुक्तीचा दोष मानू नये. ललित लेखनात एकाच परिच्छेदात तीन वेळा ‘रन’ आले तर खटकेल. पाळीच्या अहवालात तेच यंत्र तीच क्रिया करत असेल तर तोच शब्द यायला हवा, कारण शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटते क्रियाही बदलली. तुमच्या ‘जॉगिंग’ने नेमके हेच झाले. ज्यांनी तुम्हाला शब्द बदलण्याचा सल्ला दिला ते शाळेतील निबंधाचा नियम कारखान्यात घेऊन आले होते. ‘रन’ हा लहान आणि रोजचा शब्द आहे म्हणून तो हलका आहे, असेही नाही. ‘चाचणी घेतली’ यासाठी ‘रॅन अ टेस्ट’ लिहिले तरी कोणी नाक मुरडत नाही. बाहेरच्या ग्राहकाला किंवा सरकारी कार्यालयाला पाठवायच्या पत्रात ‘कंडक्टेड’ किंवा ‘कॅरीड आउट’ अधिक औपचारिक दिसते, एवढे लक्षात ठेवा. त्यातही विजेच्या अहवालात ‘कंडक्ट’ला वीज वाहून नेण्याचा अर्थ आधीपासूनच आहे, तेव्हा तेथे ‘कॅरीड आउट’ बरे.

व्याकरणाच्या दोन गोष्टी. भूतकाळ ‘रॅन’, पण ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ आले की पुन्हा ‘रन’. ‘हॅज रॅन’ असे ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही बोलून जातात. तुम्ही लिहू नका. दुसरी गोष्ट तुमच्या पहिल्या वाक्यातली आहे, आणि हसण्याच्या गडबडीत ती कोणी सांगितली नसावी. तेथे ‘वॉकिंग’ इतकीच ‘इज’ हीदेखील चूक होती. मराठीत ‘सकाळपासून चालू आहे’ या वाक्यात ‘आहे’ पुरते. इंग्रजीत सकाळी सुरू होऊन आतापर्यंत टिकलेली क्रिया असेल तर ‘हॅज बीन रनिंग’ हवे. म्हणजे तुमचे वाक्य असे होईल: ‘द पंप हॅज बीन रनिंग सिन्स मॉर्निंग’. आणि सकाळ म्हणजे किती वाजता ते ठाऊक असेल तर ‘सिन्स सिक्स ए. एम.’ असे लिहा. एकूण किती तास चालला हे मोजणाऱ्याला त्याचा उपयोग आहे.

राहिली मोटरसायकल. आपल्याकडे जुन्या गाडीच्या बाजारात ‘रनिंग किती झालंय?’ हा पहिला प्रश्न असतो आणि तो सर्वांना कळतो, त्यामुळे स्थानिक खरेदीदारासाठी तुमची जाहिरात चालेल. नीट इंग्रजीत मात्र एकूण अंतर ‘हॅज डन ४०,००० किलोमीटर’ असे लिहितात, आणि ‘इन रनिंग कंडिशन’ याचा अर्थ फक्त एवढाच की गाडी सुरू होते आणि चालते. ‘मायलेज’ लिहिण्याच्या मोहात पडू नका. इंग्रजीत त्याचा अर्थ एकूण अंतर असाही होतो, पण आपल्याकडे मायलेज म्हणजे लिटरला किती किलोमीटर, आणि तेथे ४०,००० हा आकडा पाहून दुसऱ्याच दिवशी तुमच्या दारात रांग लागेल.